वारा फक्त मशीनला

मे महिन्यात नौपाड्यातल्या घरात खिडक्या लावून, पडदे ओढून आणि पंखा बंद करून बसायचं काम कोणी पैसे देऊन सांगितलं तरी मी करणार नाही. काका स्लाइड, म्हणजे चौकटीत बसवलेले फिल्मवरचे जुने रंगीत फोटो, चादरीवर दाखवतात तेव्हा मात्र ते फुकट करावं लागतं. खिडक्या बंद, कारण अंधार हवा. पंखा बंद, कारण भिंतीवर टांगलेली चादर हलते आणि नायगरा आडवा वाहायला लागतो. खोलीत एकच पंखा चालू असतो, तो प्रोजेक्टरच्या पोटात.

प्रोजेक्टर कोडॅक कॅरूसेल. वर गोल ट्रे, त्यात ८० स्लाइड. अमेरिकेहून आणलेला, म्हणून शेजारी आपल्या विजेचा दाब उतरवणारा, गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर. खोली तापवायला त्याचाही हातभार. कंपनीनं हे प्रोजेक्टर २००४ सालीच बंद केले, पण ते काकांना सांगायची सोय नाही. आतला दिवा ३०० वॉटचा. त्यातून उजेड होतो जेमतेम, बाकी सगळी धग. बदलताना तो उघड्या बोटांनी धरायचा नाही. बोटाचं तेल काचेला लागलं की नेमकी तिथेच काच जास्त तापते आणि दिवा जातो. काका तो सोवळ्यात बदलतात, धुतलेल्या रुमालात धरून.

या दिव्याच्या आणि स्लाइडच्या मध्ये उष्णता शोषणारी एक काच असते. मागे एकदा मशीन साफसफाईला दिलं होतं. परत देताना दुरुस्तीवाला खुशीत म्हणाला, "काका, आत एक फालतू काच होती, काढून टाकली. आता बघा कसा लख्ख उजेड येतो!"

"अरे, ती होती म्हणून फिल्म भाजत नव्हती!" काका दुकानातच ओरडले. काच सापडली. तिच्यावर त्यानं कटिंगचा ग्लास ठेवला होता.

स्लाइड पडद्यावर किती वेळ ठेवायची, यावरून आमच्याकडे भांडणं होतात. आमच्या स्लाइड कोडॅकच्या कोडाक्रोम फिल्मवरच्या; तिचे रंग अंधारात वर्षानुवर्षं टिकतात, पण प्रोजेक्टरच्या उजेडात इतर फिल्मपेक्षा लवकर विटतात. म्हणून काका मनात आकडे मोजतात आणि बटण दाबतात. आत्याच्या लग्नापाशी गाडी अडते.

"थांब रे, शालू नीट बघू दे."

"ताई, रंग जाईल त्याचा."

"वन्सं, तो शालू कपाटात आहे की," आई पदरानं वारा घेत म्हणते. आत्या ऐकत नाही. आणि तेवढ्यात पुठ्ठ्याच्या चौकटीतली फिल्म तापून फुगते, नवरामुलगा धूसर होत होत नाहीसा होतो. काका फोकस फिरवून त्याला परत आणतात. पुढची स्लाइड थंड असते, ती या नव्या फोकसवर सुरुवातीलाच धूसर. आपण डोळे बारीक करून बघतो, तर घाम डोळ्यांत.

काचेच्या चौकटीत फिल्म सपाट राहते, हे खरं. पण ती काचेला टेकते तिथे सप्तरंगी कडी उमटतात, आणि ठाण्याच्या पावसाळ्यातला ओलावा दोन काचांमध्ये अडकला की बुरशीची चंगळ. कौपिनेश्वराच्या एका स्लाइडमध्ये देवळामागे सुरेख झाडी दिसते. तिथे झाडी नाही.

गेल्या खेपेला माझ्या मुंजीतली स्लाइड अडकली. डोक्याचा गोटा केलेला मी चादरभर पसरलेला. काकांनी चटकन स्विच पंख्यावर आणला, म्हणजे दिवा बंद, वारा चालू. आता ट्रे सोडवायचा तर मधल्या खाचेत नाणं घालून फिरवावं लागतं. कोणाकडेच नाणं नव्हतं. अंधारात सगळ्यांचे खिसे उलटे झाले, त्यातून निघाले फक्त मोबाइल. नव्या जावयानं "मशीनला क्यूआर कोड आहे का?" असं विचारून स्वतःची पत घालवली. शेवटी आईनं देवघरातून रुपया आणला. "भाऊजी, परत द्या हं, पूजेतला आहे."

ट्रे निघाला आणि वीज गेली.

"कोणी हात लावू नका!" काका किंचाळले. दिवा तापलेला असताना आतली तार नाजूक असते, धक्का बसला की तुटते. शिवाय पोटातला पंखा थांबलेला. काकांनी अंधारात चाचपून आजीच्या हातातला वाळ्याचा पंखा काढून घेतला आणि प्रोजेक्टरला वारा घालायला लागले. आम्ही तोवर भसाभसा खिडक्या उघडत होतो.

"मेल्या, मी तापलेय इथे," आजी म्हणाली.

"दहा मिनिटं थांब गं आई. तुला निदान घाम तरी येतो. त्याला तेही नाही."