तारांमुळे दात ढिले होतात? एका फिरत्या मेसेजला उत्तर

दातांच्या तारांबद्दलचा एक मेसेज बरेच दिवस वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: तारा लावणं हा निव्वळ दिसण्याचा सोस आहे. मुलांचे वाकडे दात वयाबरोबर आपोआप सरळ होतात. तारांमुळे दात ढिले होतात, शिवाय त्यासाठी चांगले दात उपटले जातात आणि वरचा दात काढला की नजर अधू होते. विशीनंतर तर तारांचा उपयोगच नसतो. खरा उपाय म्हणजे जीभ टाळूला लावून रोज दहा मिनिटं करायचा व्यायाम, किंवा घरबसल्या मागवता येणारे अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे साचे. आणि एवढं करूनही दात शेवटी परत वाकडे होतातच.

यातलं सगळंच खोटं असतं तर काम सोपं होतं. काही विधानं अर्धी खरी आहेत, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीच जास्त फिरतात. म्हणून एकेक घेऊ.

सुरुवात ढिलेपणापासून, कारण बाकीचे बरेच गैरसमज तिथूनच निघतात. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा आहे: हलवला की सैल होणारच. पण दाताचं मूळ हाडाला चिकटलेलं नसतं. दोन्हींच्या मध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा, आणि दात त्या तंतूंनी धरून ठेवलेला असतो. तारेने हलका आणि सततचा दाब दिला की ज्या बाजूचे तंतू दाबले जातात तिथलं हाड काही पेशी विरघळवतात, आणि ज्या बाजूचे ताणले जातात तिथे दुसऱ्या पेशी नवं हाड तयार करतात. दात सरकतो तो असा, आपल्या हाडासकट. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. दाब प्रमाणाबाहेर गेला तर तंतूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि दात सरकायचा थांबतो, हेही त्यांना दिसलं. ‘जरा जोरात आवळा, लवकर उरकू दे’ ही विनंती डॉक्टर मान्य करत नाहीत ती यामुळे.

उपचार चालू असताना दात थोडे डुगडुगतात, हे खरं आहे. तारा निघाल्यावर हाड भरून येतं, तंतू पुन्हा बांधले जातात आणि दात घट्ट होतात. गंमत अशी की मेसेजने हा भलता धोका रंगवला आणि जे दोन खरे आहेत ते सोडूनच दिले. पहिला म्हणजे मुळाची लांबी कमी होणं. बहुतेकांच्या बाबतीत ती किंचित कमी होते आणि त्याने काही बिघडत नाही, पण थोड्या जणांची मुळं बरीच आखूड होतात. म्हणून सुरुवातीला एक्स-रे काढतात, आणि सहा महिने ते वर्षभराने पुन्हा काढून पाहणंही शहाणपणाचं. दुसरा धोका ब्रॅकेटभोवती, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याभोवती, उमटणाऱ्या पांढऱ्या डागांचा. ते तारांनी येत नाहीत, तारांभोवती साचू दिलेल्या थराने येतात, आणि घासण्यात हयगय झाली तर महिन्याभरातही दिसू लागतात. तारा निघाल्यावर दात सरळ पण ठिपकेदार, ही तक्रार सर्रास ऐकू येते. फ्लोराइडची पेस्ट आणि तारेखाली शिरणारा बारीक ब्रश वापरला तर हे बहुतांशी टळतं. हिरड्यांतून रक्त येत असताना किंवा दात किडलेले असताना जो डॉक्टर त्याच दिवशी तारा बसवायला तयार होतो, त्याच्याकडून उठून यावं.

‘आपोआप सरळ होतात.’ हे अर्धं खरं. सातव्या ते अकराव्या वर्षाच्या दरम्यान वरच्या पटाशीच्या दातांमध्ये फट असते, ते पंख्यासारखे पसरलेले दिसतात आणि आईवडील धास्तावतात. यातली बरीच मुलं सुळे खाली उतरले की तारांशिवायच नीट दिसू लागतात. खालच्या पुढच्या दातांची मिलिमीटर-दोन मिलिमीटरची दाटीही या वयात पुष्कळदा निवळते. शिवाय दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा, म्हणजे सुळ्यामागच्या लहान दाढांपेक्षा, रुंद असतात, त्यामुळे त्या पडल्यावर थोडी जागा मोकळी होते.

पण जे आपोआप जात नाही त्याची यादी मेसेजात नाही. वरचा दात खालच्याच्या आत बसणं, म्हणजे उलटा चावा, बसून राहतो आणि वाढत्या जबड्याला एका बाजूला ओढू शकतो. टाळूत अडकलेला सुळा स्वतःहून खाली येईलच असं नसतं, आणि शेजारच्या दाताचं मूळ तो खाऊ शकतो. हिरडीखाली सुळ्याचा फुगवटा नवव्या-दहाव्या वर्षी बोटाला लागायला हवा. लागत नसेल तर एक्स-रे काढून बघतात. वेळेत कळलं तर नुसता दुधाचा सुळा काढूनही कित्येकदा काम भागतं, उशिरा कळलं तर शस्त्रक्रिया करून दात ओढून आणावा लागतो. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची, संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करून घ्या म्हणते ती यासाठी. तोवर पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही दात आलेले असतात आणि चावा कसा बसतोय ते दिसतं. तपासणी म्हणजे तारा नव्हेत. बहुतेक मुलांना ‘आता काही नको, वर्षाने या’ एवढंच सांगितलं जातं.

‘निव्वळ दिसण्याचा सोस.’ पुष्कळ जण तारा दिसण्यासाठीच लावतात, यात शंका नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तोंड मिटून हसणाऱ्या मुलाला त्याचे दात किती छळतात हे त्यालाच ठाऊक. पण ‘निव्वळ’ हा शब्द चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये उपचारांची गरज ठरवायला १ ते ५ अशी श्रेणी वापरतात. वरचे दात खालच्यांपेक्षा ९ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील किंवा दात जबड्यात अडकला असेल तर तो रुग्ण पाचव्या, म्हणजे सर्वांत गरजू श्रेणीत जातो. पुढे आलेले दात पडताझडताना आधी आपटतात, आणि अशा मुलांवर लवकर उपचार केले तर दात फुटण्याचं प्रमाण कमी होतं, असं वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यातही आढळलं. त्याच आढाव्याने हेही म्हटलं आहे की एवढा फायदा सोडला तर लवकर सुरू करण्याने शेवटी फारसा फरक पडत नाही. खालचे दात टाळूला टोचत असतील, एकाच दातावर सगळा चावा येऊन तो झिजत असेल, तिथेही प्रश्न दिसण्याचा उरत नाही.

उलट बाजूने विकणाऱ्यांचीही अतिशयोक्ती चालू असते, तीही इथेच नोंदवतो. तारांनी डोकेदुखी जाते, जबड्याच्या सांध्याचं दुखणं बरं होतं, असं सांगितलं जातं. सांध्याचं दुखणं तारांनी होतही नाही आणि बरंही होत नाही, असाच आतापर्यंतच्या अभ्यासांचा कल आहे.

आता दात काढण्याबद्दल. नजरेचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. दातांची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी नस वेगळी, दृष्टीची नस पूर्णपणे वेगळी. वरची उपदाढ काढल्याने चष्म्याचा नंबर वाढत नाही.

चांगले दात काढावेत का, हा मात्र खराखुरा वाद आहे आणि तो या शाखेइतकाच जुना आहे. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल दात काढण्याच्या कडक विरोधात होते. प्रत्येकाच्या जबड्यात सगळे दात मावतील असा चावा घडवता येतो, अशी त्यांची श्रद्धा. कॅल्व्हिन केस यांनी १९११मध्ये त्यांच्या पंथाला जाहीर आव्हान दिलं. पुढे अँगल यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याला दिसलं की दात न काढता दाटीवाटीने बसवलेल्या रुग्णांचे दात पुन्हा बिघडताहेत. त्यांतल्या कित्येकांच्या उपदाढा काढून त्याने उपचार नव्याने केले. आज लंबक मध्ये कुठेतरी आहे. दाटी थोडी असेल तर दातांच्या कडा मिलिमीटरच्या काही दशांशांनी घासून जागा करता येते. टाळू अरुंद असेल तर वाढीच्या वयात रुंदावता येतो. दाटी फार असेल किंवा ओठ मिटत नाहीत इतके दात पुढे असतील तर उपदाढा काढणं योग्य ठरतं. ‘मी कधीच दात काढत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या डॉक्टरपासूनही थोडं जपूनच राहावं.

‘विशीनंतर उपयोग नाही.’ हाड विरघळवणाऱ्या आणि घडवणाऱ्या पेशी जन्मभर काम करतात, म्हणून पन्नाशीतही दात सरकतो. बदलतं ते वेगळंच. जबड्याची वाढ थांबलेली असते. टाळूच्या मधला सांधा लहानपणी मोकळा असतो, मोठेपणी तो गुंतून घट्ट झालेला असतो, त्यामुळे जबडाच लहान किंवा मागे असेल तर प्रौढांना नुसत्या तारा पुरत नाहीत. मग दात हलवून वेळ भागवायची की शस्त्रक्रिया करायची, हे ठरवावं लागतं. हिरड्यांचा आजार असेल तर तो आधी आटोक्यात आणायलाच हवा, कारण सुजलेल्या हिरडीवर दाब पडला की हाड आणखी झपाट्याने जातं. हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर ते न विचारता सांगावं. त्यांतल्या काही औषधांनी दात सरकणंच मंदावतं.

खिळ्याचं ते चित्र एका गोष्टीला मात्र चपखल लागू पडतं: इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाला. त्याच्याभोवती तंतूंचा थर नसतो, तो थेट हाडाशी जोडला जातो, त्यामुळे कितीही दाब दिला तरी सरकत नाही. पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट आणि बाकीच्यांना तारा असं दोन्ही करायचं असेल तर साधारणपणे आधी तारा, मग इम्प्लांट.

जिभेच्या व्यायामात तथ्याचा कण आहे, पण हिशेब चुकला आहे. दाताला हलवतो तो दाबाचा काळ, त्याचा जोर नव्हे. गिळताना जीभ दातांवर बरीच जोरात आपटते, पण क्षणभरच, म्हणून दात जागेवर राहतात. तासन्‌तास अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दात मात्र पुढे येतात. दिवसातले सहाएक तास तरी दाब टिकला तर दात सरकतो, असं मानलं जातं. दहा मिनिटांच्या व्यायामाने काय होणार? गिळताना जीभ पुढे ढकलण्याची सवय मोडायला तज्ज्ञ असे व्यायाम देतात, तेही तारांच्या जोडीला.

राहिले अलाइनर. ते बरे की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी, हे विचारायला हवं. थोडी दाटी, फटी, पूर्वी सरळ केलेले आणि परत किंचित सरकलेले दात यांना ते उत्तम. एकेक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवतो आणि दिवसातले २० ते २२ तास तोंडात असावा लागतो. गोलसर सुळे आणि उपदाढा फिरवणं, दात हिरडीतून बाहेर ओढणं ही कामं त्याला जड जातात, कारण नितळ प्लास्टिकला पकड मिळत नाही. संगणकावर जी हालचाल दाखवतात तिच्यापैकी प्रत्यक्षात सरासरी निम्म्याच्या आसपासच पहिल्या फेरीत साधते, असं मोजणी करणाऱ्यांना आढळलं आहे. त्यामुळे मधेच नवा साचासंच काढणं नेहमीचंच. तारेचं शिस्तीशी नातं कमी आहे: ती चोवीस तास दातावरच असते. शिवाय १९७०च्या दशकात आलेल्या निकेल-टायटॅनियमच्या तारा मूळ आकाराकडे हळूहळू परततात आणि कित्येक आठवडे हलका दाब देत राहतात.

घरबसल्या मागवायच्या अलाइनरची गोष्ट निराळी. त्यात मुळांचा एक्स-रे नसतो, हिरड्या कोणी तपासत नाही. या धंद्यातली सर्वांत गाजलेली अमेरिकी कंपनी स्माइलडायरेक्टक्लब २०२३च्या डिसेंबरात बंद पडली आणि उपचार अर्धवट असलेले ग्राहक तसेच राहिले. त्याहून भयानक प्रकार म्हणजे फट बुजवायला पुढच्या दोन दातांना साधा रबर बँड घालणं. तो हिरडीखाली सरकतो, मुळाच्या निमुळत्या टोकाकडे चढत जातो आणि भोवतालचं हाड नष्ट करतो. असे चांगले दात गमावल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

‘परत वाकडे होतातच.’ रिटेनर, म्हणजे तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारी प्लेट किंवा बारीक तार, न घालणाऱ्यांचे होतात. हिरडीतले लवचीक तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभर घेऊ शकतात, आणि तोवर ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात. पण तेवढंच कारण नाही. कधीही तारा न लावलेल्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटतात. याचा दोष अक्कलदाढेवर टाकायची रीत आहे, पण अक्कलदाढा नसलेल्यांचेही दात दाटतात, म्हणून केवळ त्या भीतीने त्या काढून घेऊ नयेत. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवला गेला, तेव्हा रिटेनर थांबवल्यावर दहा-वीस वर्षांत बहुतेकांचे खालचे दात पुन्हा काही ना काही दाटलेले आढळले.

म्हणून रिटेनर किती दिवस घालायचा, याचं आजचं उत्तर आहे: सुरुवातीचे काही महिने जवळजवळ पूर्णवेळ, नंतर रात्री, आणि दात सरळ हवेत तोवर. हे उपचार सुरू करण्यापूर्वीच सांगितलं जायला हवं, शेवटच्या दिवशी नव्हे. खालच्या दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार हा दुसरा पर्याय, पण ती एखाद्या दातावरून सुटली तरी कळत नाही आणि तेवढाच दात निसटतो. जिभेने अधूनमधून चाचपून पाहावं, सुटली वाटली तर आठवड्याभरात दाखवावं. काढता येणारी प्लेट गरम पाण्यात धुऊ नये, आकार बिघडतो. ती एखाद्या रात्री आवळल्यासारखी वाटली तर दात सरकू लागले आहेत असं समजून रोज घालायला लागावं. बसतच नसेल तर जोर करू नये, नवी करून घ्यावी.