डेथ व्हॅलीतल्या रेसट्रॅकचे दगड कोण ढकलतं, हे २०१३ सालीच दिसलंय

भाचीने सातवीच्या प्रकल्पात लिहिलं, 'डेथ व्हॅलीत दगड आपोआप चालतात, शास्त्रज्ञांनी हात टेकले.' कुठून घेतलंस विचारलं, तर आमच्याच घरच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड! वर्षानुवर्षं तोच मजकूर फिरतोय, म्हणून एकदाचं लिहिते.

'जगातलं सर्वांत उष्ण वाळवंट, तिथे बर्फ कुठून येणार?' सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे आणि तेच चूक आहे. ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाचा विक्रम डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीक या ठिकाणचा, ते समुद्रसपाटीच्याही खाली. हे दगड अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या त्याच डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात, पण रेसट्रॅक प्लायावर (प्लाया म्हणजे कोरड्या तळ्याचा सपाट तळ) आहेत, सुमारे ११३० मीटर उंचीवर. हिवाळ्यात तिथे रात्री पाणी गोठतं. पाऊस जेमतेम, पण डोंगरांवरून वाहून आलेलं पाणी या सपाट तळावर साचतं. माती बारीक गाळाची, चिकण. पाणी लवकर मुरत नाही. काही सेंटिमीटर खोलीचं तळं होतं, रात्री त्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. दुपारी उन्हाने तो फुटतो आणि त्याचे लांबरुंद तुकडे वाऱ्याने सरकत दगडांना रेटतात. खालचा चिखल निसरडा, त्यात चर पडतो. पाणी आटलं की चर वाळून तसाच राहतो. प्रवासी पोचतात तेव्हा बर्फ नसतो, पाणीही नसतं.

'कुणी पाहिलेलं नाही.' २०१३ पर्यंत खरं होतं, तेवढं मान्य. उद्यानाने तिथल्या दगडांना भोकं पाडू दिली नाहीत, म्हणून रिचर्ड नॉरिस हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून दगड आणून त्यांत जीपीएस बसवले. २० डिसेंबर २०१३ ला साठाहून जास्त दगड डोळ्यांदेखत सरकले. बर्फ ३ ते ६ मिलिमीटर जाड, वारा सेकंदाला ४-५ मीटर, दगडांचा वेग मिनिटाला २ ते ५ मीटर. २०१४ साली 'प्लॉस वन' या विज्ञानपत्रिकेत हे छापून आलं, कुणालाही फुकट वाचता येतं.

'तीनशे किलोचे दगडही चालतात.' जीपीएसवाले दगड १७ किलोच्या आतले होते, त्यामुळे एवढ्या मोठ्यांबद्दल ही नोंद थेट काही सांगत नाही. पण म्हणून फॉरवर्ड म्हणतो तसं चुंबक? तिथले बरेचसे दगड डोलोमाइटचे, त्यांना चुंबक ओढत नाही. परग्रहवासीयांवर मी शब्द खर्च करणार नाही.

सगळ्यात राग आला तो शेवटच्या ओळीचा: 'गेलात तर एक दगड शुभ म्हणून आणा.' तिथून दगड खरोखर चोरीला जातात, आणि मागे नुसता चर उरतो, टोकाला काहीच नाही. २०१६ साली कुणीतरी गाडी घातली, सुमारे १६ किलोमीटर चाकोऱ्या उमटल्या. ओल्या प्लायावरचं साधं पाऊलसुद्धा वर्षानुवर्षं पुसलं जात नाही.