दमा आहे म्हणून वारी सोडू नका, पण निळ्या पंपाच्या भरवशावर निघूही नका

ज्येष्ठ जवळ आला की दोन टोकांची वाक्यं कानावर येतात. एक, "दमेकऱ्यानं कशाला चालायचं? एसटीनं जावं पंढरपूरला." दुसरं, "माऊलींचं नाव घ्या, काही होत नाही." मला दोन्ही पटत नाहीत. तीव्र दमा असलेला माणूस आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर पायी जाऊ शकतो. मात्र त्याला जाऊ द्यायचं की नाही, हे निघण्याआधीच्या चार आठवड्यांत त्याची छाती कशी होती यावरून ठरवावं. श्रद्धा आणि जिद्द ज्याची त्याच्याकडे असतेच, पण त्यांनी श्वासनलिकेची सूज उतरत नाही.

आधी तीव्र दमा कशाला म्हणायचं ते बघू. स्टेरॉइड आणि दीर्घकाळ परिणाम करणारं श्वासनलिका मोकळी करणारं औषध, असा जोडपंप मोठ्या डोसमध्ये, रोज, नीट ओढूनही दमा आटोक्यात येत नाही, किंवा डोस कमी केला की लगेच उसळतो, तो तीव्र दमा. असे रुग्ण थोडे असतात. 'माझा दमा फार जोराचा आहे' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण वेगळी असते: पंप चुकीचा ओढला जातो, बरं वाटलं की बंद होतो, नाकातल्या ॲलर्जीकडे किंवा ॲसिडिटीकडे लक्षच नसतं, किंवा घरात धूर असतो. हे सगळं निस्तरूनही जो उरतो त्याच्यासाठी रक्तातल्या इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी, एकूण आयजीई (ॲलर्जीतलं प्रथिन), ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी अशा तपासण्या असतात आणि गरज पडली तर बायोलॉजिकची, म्हणजे सुजेचं मूळ रोखणारी, इंजेक्शनंही. छातीच्या डॉक्टरकडे हा विषय वारीच्या आदल्या आठवड्यात काढून उपयोग नाही.

आता चालण्याबद्दल. व्यायामानं दमा उसळतो हे खरं आहे, पण कसा ते कळलं तर भीती कमी होते. जोरजोरात तोंडानं श्वास घेतला की श्वासनलिकेच्या अस्तरातला ओलावा उडतो, तिथल्या पेशी चिडतात, नळ्या आकसतात. म्हणजे धोका असतो तो मिनिटाला किती हवा आत-बाहेर जाते यात. एका लयीत, नाकानं श्वास घेत चालणाऱ्याची ही हवा पळणाऱ्याच्या मानानं खूपच कमी असते, म्हणून लांबचं चालणं दमेकऱ्याला मानवतं. उलट दम लागतो म्हणून बसून राहिलं की स्नायू ढिले पडतात, मग कमी कामातही दम लागतो आणि तो दम्याच्या खात्यावर मांडला जातो. दोन्हींतला फरक ओळखायची साधी खूण आहे. ताकद कमी असल्यानं लागलेला दम थांबल्यावर चार-पाच मिनिटांत उतरतो. दम्याचा दम थांबल्यानंतर ५ ते १५ मिनिटांत वाढतो, सोबत खोकला किंवा शिट्टी येते.

निघायचं की नाही, त्यासाठी गेल्या चार आठवड्यांचे चार प्रश्न. दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का? दम्यानं रात्री जाग आली का? तातडीचा म्हणजे निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का? दम्यामुळे कामं टाळावी लागली का? चारही उत्तरं 'नाही' असतील तर तयारीला लागा. एक-दोन 'हो' असतील तर डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्या. तीन-चार 'हो' असतील, किंवा गेल्या महिन्या-दीड महिन्यात स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स झाला असेल, ॲडमिट व्हावं लागलं असेल, तर यंदा पूर्ण वारी नको असं मी स्पष्ट सांगेन. सासवड ते जेजुरी असा एखादा टप्पा चालावा, तीही वारीच. आणि जे कधी दम्यासाठी आयसीयूत गेले आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या होकाराशिवाय पाऊल उचलू नये.

गुढीपाडव्यापासून प्रस्थानापर्यंत, अधिक मास मध्ये आला नाही तर, जवळपास बारा आठवडे मिळतात. ते पुरतात. पहिले दोन आठवडे रोज २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. मग दर आठवड्याला वेळ थोडा थोडा वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत ८-१० किलोमीटर. दहाव्या आठवड्यात सलग दोन दिवस १५ ते २० किलोमीटर, कारण वारीत खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. एकदा तरी चढ चढून बघा. शेवटचा आठवडा हलका ठेवा. रोज सुरुवातीची १०-१५ मिनिटं रमतगमत. अंग असं हळूहळू तापवलं तर पुढचे दोनेक तास श्वासनलिका कमी चिडते. वेग किती ठेवायचा? अभंगाचा एक चरण न तुटता बोलता आला पाहिजे. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त झाला.

सोबत पीक फ्लो मीटर हवाच. काही शे रुपयांचं हे प्लास्टिकचं नळकांडं फुंकीचा जोर मोजतं, म्हणजे नेमकं तेच जे ऑक्सिमीटर दाखवत नाही. बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा अटॅकमध्ये फार उशिरा घसरतो, तोवर ९७ बघून लोक निर्धास्त असतात. तब्येत उत्तम असताना दोन आठवडे रोज मोजून आपला सर्वांत चांगला आकडा काढून ठेवा. सकाळी पंप घेण्याआधी, उभं राहून, काटा शून्यावर आणून, तीन जोरदार फुंका, त्यातली मोठी नोंदवायची. समजा तुमचा आकडा ४०० आहे. ३२० च्या वर असाल तर चाला. २०० ते ३२० च्या मध्ये असाल तर त्या दिवशी गाडीत बसा आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवा. २०० च्या खाली गेलात तर ती तातडीची वेळ आहे. सकाळच्या गडबडीत, टँकरपुढे रांग लागलेली असताना, हे एक मिनिट काढणं जिवावर येतं. तरी काढा.

आता निळा पंप. साल्ब्युटामॉल पाच-दहा मिनिटांत नळ्या मोकळ्या करतं, पण आतली सूज तशीच राहते. जागतिक दमा मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये असं सांगितलं आहे. तरीही आपल्याकडे रोजचा पंप 'सवय लागते' म्हणून सोडणारे आणि निळा दिवसातून सहा वेळा ओढणारे घरोघरी आहेत. सवय लागते ही भीती निराधार आहे. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळ्यांचं मिलिग्रॅममध्ये. पंप सोडून वर्षातून तीनदा गोळ्यांचे कोर्स घेणाऱ्यांची हाडं, साखर आणि डोळे खरे धोक्यात येतात. तुमच्या जोडपंपात फॉर्मोटेरॉल असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं तोच तातडीलाही वापरता येतो. सॅल्मेटेरॉल असेल तर नाही, त्याला काम सुरू करायला वेळ लागतो. आपल्या डब्यावर काय लिहिलंय ते आजच वाचा.

पंप ओढण्यातल्या चुका नेहमी त्याच. वायूच्या दाबावरचा पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग हळू आणि खोल ओढत दाबायचा, दहा सेकंद श्वास धरायचा, दुसरा पफ अर्ध्या ते एक मिनिटानं. कॅप्सूलच्या यंत्रात याच्या उलट: झटक्यात, जोरानं ओढायचं. त्यात फुंकर मारली तर पावडर ओली होते. पावसाळी हवेत कॅप्सूल डबीतून आधी काढून ठेवली तर पावडर चिकटते आणि अर्धा डोस यंत्रातच राहतो, म्हणून वारीसाठी मी दाबाचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) हीच जोडी सुचवीन. स्टेरॉइडनंतर खळखळून चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. आणि औषध संपल्यावरही पंप फवारत राहतो, आत नुसता वायू उरलेला असतो. आकडा दाखवणारा पंप घ्या, नसेल तर पफ लिहून ठेवा. रोज चार पफ धरले तर वीस दिवसांना ८० लागतात. निघताना १२० चा नवा डबा घ्यावा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पंप कुठे ठेवला यात. दिंडीचं सामान ट्रकमध्ये असतं, ट्रक पुढच्या मुक्कामी पोहोचलेला असतो आणि माणूस गर्दीत अडकलेला. तातडीचा पंप आणि स्पेसर कमरेच्या पाऊचमध्ये, अंगावर. दुसरा संच सोबत चालणाऱ्याकडे. ट्रकच्या तापलेल्या केबिनमध्ये दाबाचा डबा ठेवूच नये. स्पेसर हरवला तर अर्ध्या लिटरची पाण्याची कोरडी बाटली चालते: तळाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक पाडा, पंप बसवून कडेनं चिकटपट्टी लावा, बाटलीच्या तोंडानं श्वास घ्या. नेहमीचा स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून निथळत वाळवावा. पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, कारण ती जवळपास कुणीच सांगत नाही. पाय दुखले की वारीत गोळ्या हातोहात फिरतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन. काही दमेकऱ्यांना या गोळ्यांनी अर्ध्या ते तीन तासांत जीवघेणा अटॅक येतो. तीव्र दमा आणि नाकात कोंब किंवा वास न येण्याची तक्रार असेल तर ही शक्यता जास्त. आधी अशी गोळी निर्धोक चालली आहे याची खात्री नसेल तर पॅरासिटामॉलच घ्या, आणि 'अंगदुखीची गोळी' म्हणून दिलेल्या पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय गिळू नका. ब्लड प्रेशर, मायग्रेन किंवा काचबिंदूसाठी बीटा ब्लॉकर सुरू असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा, डोळ्यांत घालायचा थेंबसुद्धा.

वाटेतल्या जागा ओळखून ठेवा. पुणे ते सासवड हा सर्वांत लांब टप्पा, ३० किलोमीटरच्या वर, आणि त्यात दिवे घाट. वडकीला थांबून पोटाला हलकं खा, चढावर टाळ वाजवा पण अभंग म्हणू नका, कारण चढ आणि गाणं मिळून श्वास तोंडावर येतो. घाटमाथ्यावर ओल्या कपड्यांत वारा लागतो, कोरडा सदरा पाऊचजवळच असू द्या. जेजुरीत भंडारा उधळतात. ती बारीक पूड थेट श्वासात जाते, दर्शन कडेनं घ्या. रिंगणात पाऊस नसेल तर घोड्यांच्या टापांची धूळ असते, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा. वेळापूरजवळच्या धाव्यात पळू नका. मैलोन्‌मैल संथ चालून अचानक पळणं आणि थांबणं, हाच नळ्या आकसण्याचा नेमका प्रकार आहे. उपरण्यानं धूळ अडते, धूर नाही. एन९५ मास्क धुरासाठी ठीक, पण भिजला की त्यातून श्वास ओढणं जड जातं, म्हणून दोन-तीन ठेवा. मुक्कामी चूल, जनरेटर आणि डासांची कॉइल यांच्यापासून लांबचा तंबू मागून घ्या. वर्षभर गोदामात पडलेल्या गाद्या-चादरी नकोत, स्वतःची धुतलेली न्या. रात्री भरपेट जेवून लगेच आडवं होऊ नका, ॲसिड वर आलं की पहाटे खोकला ठरलेला.

अटॅक आलाच तर माणसाला बसवा, थोडं पुढे झुकवून. आडवं करू नका आणि 'वैद्यकीय पथकापर्यंत चल' म्हणून चालवू तर मुळीच नका. स्पेसरमधून निळ्या पंपाचा एक पफ, चार श्वास. असे चार पफ, प्रत्येक वेळी पंप हलवून. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार, आणि त्याच वेळी १०८ ला फोन. वाक्य पूर्ण होत नाही, ओठ निळसर, गुंगी, किंवा छातीतली शिट्टी अचानक बंद झाली आणि माणूस तरी धापतोय, यांतलं काहीही दिसलं तर चार मिनिटंही वाट बघू नका, आधी फोन. छाती शांत होणं हा आराम नसून हवाच आत जात नसल्याची खूण असू शकते. कापूर किंवा निलगिरी हुंगवू नका, उग्र वासानं नळ्या आणखी आकसू शकतात.

दिंडीप्रमुखांना एक मागणं आहे. नाव नोंदवताना 'दमा आहे का, पंप कुठे ठेवला आहे, कुठली गोळी चालत नाही' हे तीन प्रश्न विचारा आणि दिंडीतल्या दोघांना स्पेसर वापरायला शिकवा, दहा मिनिटांचं काम आहे. अजूनही बायका चारचौघांत पंप ओढायला लाजतात, तंबूमागे जाऊन घेतात, लग्नाच्या मुलीचा तर लपवलाच जातो. पंप उघड्यावर घेता येईल असं वातावरण दिंडीत ठेवणं प्रमुखांच्या हातात आहे.

परतल्यावर छाती मोकळी वाटते, आणि नेमका तेव्हाच रोजचा पंप बंद केला जातो. डोस कमी करायचा तो निदान तीन महिने दमा आटोक्यात राहिल्यावर, डॉक्टरांनी, एक एक पायरी. त्यासाठीची तारीख निघण्याआधीच घेऊन ठेवा, आणि वारीतल्या पीक फ्लोची वही सोबत न्या. वीस दिवसांचे ते आकडे डॉक्टरांना पुढचा डोस ठरवायला फार उपयोगी पडतात.