टाळ्या कसल्या वाजवताय?

आज मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर एका पोराची पाठ थोपटली. का, तर तो सलग तीन रात्री जागून काम करत होता. टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. डोकंच फिरलं माझं.

माझ्या दादाने सहा वर्षं फिरती पाळी केली. दर आठवड्याला वेळ वेगळी. एकदा तिन्हीसांजेला उठला, दात घासायला लागला आणि मधेच थांबून मला विचारलं, "सकाळ आहे की संध्याकाळ गं?" तोंडात फेस तसाच. थट्टा करत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"आठ तास झोप झाल्याशी मतलब, कधी का असेना," हे मला ऐकवू नका. मेंदूत जेमतेम २० हजार पेशींचा एक पुंजका आहे, तो डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून शरीराची वेळ लावतो. लिव्हरचं घड्याळ वेगळं, ते जेवणाच्या वेळांवर चालतं. रात्री दोनला जेवलं की एक म्हणतं रात्र, दुसरं म्हणतं दिवस. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं, आणि आम्ही अजून जागरणाला मेहनत म्हणतो!

दादा खिडकीला जाड चादर लावून झोपायचा. तरी चार तासांत टक्क जागा. दिवसा अंगाचं तापमान चढतं असतं, झोप टिकणार कशी? आणि मी त्याला म्हटलं होतं, "दिवसभर लोळतोस नुसता." अजून सलतं ते.

हो, दवाखाने आणि रेल्वे रात्री बंद ठेवता येत नाहीत, मान्य. मग निदान पाळ्या तरी सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकवा. बहुतेकांचं आतलं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्येच शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळ्यांना 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलंय. आणि आमच्या मीटिंगमध्ये तर कुणाचा जीवही अडला नव्हता. एक प्रेझेंटेशन होतं फक्त.

दुपारी तो पोरगा पाणी भरायला आला. बाटली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करेना. मीच केला. "घरी जाऊन झोप रे," म्हटलं.

म्हणाला, "ताई, पडलो तरी झोप येत नाही आता."