डिझेल फिल्टर बदलल्यावर नुसता सेल्फ मारू नका
जुन्या डिझेल गाडीचा फिल्टर बदलला की नुसता सेल्फ मारत राहायचा, डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा आपोआप निघते, असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे. बऱ्याच गाड्यांत इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, तो कोरडा फिरला तर आतून घासतो, शिवाय स्टार्टर तापतो आणि बॅटरी बसते ते वेगळंच. फिल्टरच्या डोक्यावर हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) असेल तर ब्लीड स्क्रू (हवा बाहेर काढायचा स्क्रू) थोडा सैल करून दाबत राहा, आधी फेसाळ डिझेल येतं, मग बुडबुडे थांबून सलग धार लागते आणि प्रायमर हाताला कडक लागतो, तेव्हाच स्क्रू आवळा. मग सेल्फ, तोही एका वेळी 10 सेकंदच, मध्ये थांबून. आणि कॉमन रेल इंजिनात (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून खूप प्रेशरचं डिझेल मिळतं) इंजेक्टरचे पाइप सैल करून हवा काढायच्या भानगडीत अजिबात पडू नका, तिथलं प्रेशर जिवावर बेतू शकतं.