शिकाऱ्यांच्या घरचा? होय. मग पुढे?

काडतुसांच्या टंचाईत नेमबाजीचा सराव कसा टिकवावा, या माझ्या लेखावर तुम्ही चार वाक्ये लिहिलीत. पहिलेच असे: 'ही शिकाऱ्यांच्या घरच्यांची रडारड आहे, खेळाचे नाव नुसते पुढे करायला.' दोन दिवस मी उत्तर लिहायचे टाळले. मतभेद असू द्या हो, पण ओळख ना पाळख आणि थेट घर काढायचे, ही कुठली रीत?

आधी माझी चूक. एअर रायफलचा पॉइंट 177 चा छर्रा मी 5.5 मिलिमीटरचा लिहिला होता. तो 4.5 चा. दुरुस्त केला आहे, आभार.

आता घर. आमचे आजोबा शिकारी होते, इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलात जायचे. मी ते लपवलेले नाही. 1972 साली वन्यजीव कायदा आला आणि त्यांनी उरलेली काडतुसे परवानाधारक दुकानात जमा केली. काडतुसांचा कातडी पट्टा तेवढा रामबागेतल्या घरी खुंटीवर राहिला. लहानपणी मी त्याची घरे मोजायचो. पितळ जिथे टेकायचे तिथे प्रत्येक घराच्या कडेला हिरवट वळ उठला होता. त्यानंतर आजोबांनी बार काढला नाही, पण मला श्वास सोडून अर्ध्यावर धरायला त्यांनीच शिकवले, तेही माझ्या हातात नुसती काठी देऊन. आमच्या घरातून शिकार गेली ती तेव्हाच. मी आयुष्यात कागदाशिवाय कशावर नेम धरलेला नाही. होळकरांची शिकारकोठी असलेले रालामंडल आज अभयारण्य आहे, त्याच्या वाटेवर हिंडणाऱ्या कोणाला तुम्ही शिकाऱ्याचा वारस म्हणता का?

आणि खेळ 'पुढे करायला'? 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत रौप्य जिंकणारे विजय कुमार सराव करायचे ते आपल्या शेजारच्या महूला, लष्कराच्या नेमबाजी केंद्रात. त्यांनाही हेच ऐकवाल?

साध्या प्रोन, म्हणजे पोटावर झोपून खेळायच्या, सामन्यात 60 नोंदीचे बार असतात, वर नेम जमवायचे वेगळे. एका डबीत 50. म्हणजे एका सकाळी दुसरी डबी फुटलीच. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती हे लिहिलेले असते, आणि परदेशी माल थांबला की दुकानदाराची फळीच रिकामी असते. 'पैसे टाकले की मिळते' याला मी आणखी काय उत्तर देऊ?

'ड्राय फायरने रायफल बिघडते' म्हणता. ड्राय फायर म्हणजे काडतुसाशिवाय ट्रिगर ओढण्याचा सराव. पॉइंट 22 रायफलच्या रिकाम्या चेंबरवर घोडा पाडला तर पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते, खरे आहे. म्हणून मी काडतुसाची वापरलेली पुंगळी घालतो आणि दर वेळी थोडी फिरवतो, म्हणजे पिन पुंगळीच्या कडेच्या कोऱ्या जागी पडते. नळीच्या टोकावर रुपया ठेवायचा. ट्रिगर सुटल्यावर तो हलता कामा नये. रोज रात्री असे 40. गेल्या हंगामात माझ्या वाट्याला काडतुसे कमी आली, पण कागदावरचे गोळ्यांचे गट पसरले नाहीत ते यामुळेच. हे सगळे लेखात होते.

'एअर रायफल घ्या' हा सल्लाही लेखातच होता. वाचला असतात तर दिसला असता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. 'शिकाऱ्यांच्या घरच्यांची' एवढे दोन शब्द मात्र तुम्ही स्वतः मागे घ्या.