रोप सोडून सगळं उगवतंय

परत तेच! सिमला मिरचीचं बी ट्रेमध्ये टाकलं की उगवणार काय, तर चिलटं. चहाच्या कपात चिलट, लॅपटॉपच्या स्क्रीनवर चिलट, आणि बी मात्र ढिम्म. नर्सरीवाल्याचं उत्तर ठरलेलं, "पाणी कमी पडतंय मॅडम". अहो कमी कसलं, सासूबाई येता-जाता तांब्याभर ओततात, मग वरचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, मातीऐवजी वापरतात तो) सतत ओलं, चिलटं तिथेच अंडी घालणार आणि त्या काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या कोवळी मुळं कुरतडत बसणार (कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि दोनेक दिवसांनी उलटून बघा, ईईई!). ते पिवळे चिकट कागद लावा म्हणे. त्याला उडणारी चिकटतात हो, मातीतल्यांचं काय? त्यांना बीटीआय (अळ्या मारणारे जिवाणू, पाण्यात मिसळून घालायचे) लागतं, ते कोणी सांगेल तर शपथ! वर मिरचीच्या बियांना 25 ते 30 डिग्री ऊब पाहिजे आणि आमच्याकडे एसी 22 वर, कारण साहेबांना उकडतं. त्यातूनही एखादं रोप वर आलंच तर मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक होऊन सकाळी आडवं. बुरशी. आणि बियांच्या पाकिटावरची तारीख तर भिंग लावूनही वाचता येत नाही, बी या वर्षीचं की आजोबांच्या काळातलं देव जाणे!